राहिलेल्यांची वही

“दिसत नसेल तर उठून पुढे ये. न दिसणं हा गुन्हा नाही, न दिसता गप्प बसणं हा आहे.”

हे वाक्य बाईंनी एकवीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. वर्गात तर त्या म्हणतच, पण घरीही म्हणत. नवरा वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचायला लागला की म्हणत. दवाखान्याच्या रांगेत टाचा उंचावून बघणाऱ्या अनोळखी म्हातारीला म्हणत. नणंदेच्या लग्नात फोटोग्राफरलाही म्हणाल्या होत्या, आणि तो बिचारा खरोखरच उठून पुढे आला होता.

बाईंच्या वर्गात बासष्ट मुलं. खोली लांबोडकी, आगगाडीच्या डब्यासारखी. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत अकरा पावलं, तीही बाईंची, म्हणजे झपाझप टाकलेली. डाव्या हाताला तीन खिडक्या. दहाच्या सुमारास ऊन आत येई आणि फळ्याचा डावा तिसरा भाग आरशासारखा चकाकायचा. म्हणून बाई सकाळी फळ्याच्या उजव्या बाजूला लिहीत आणि दुपारी डाव्या. नवीन कुणी शिक्षक त्या वर्गावर आला की मुलंच त्याला सांगत, “सर, आत्ता तिकडे नका लिहू.”

लिहायचं तेवढं कसंही निभत होतं. दाखवायचं म्हटलं की पंचाईत. कांद्याचा पापुद्रा, लोहचुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस, फुलातला परागकण, या वस्तू काही अकरा पावलांवरून दिसत नाहीत. मग बाई सात-सातांचे गट करून मुलांना टेबलाजवळ बोलवत. एका गटाला चार मिनिटं. तास पस्तीस मिनिटांचा. आठ गट कसेबसे व्हायचे, आणि नववा गट उठून निघाला, बाकांच्या मधल्या वाटेत आला, की घंटा. ती सहा मुलं वाटेतच उभी राहायची. मग न बोलता दप्तर आवरायची.

बाईंनी त्यासाठी एक वही केली होती. तिच्यावर नाव होतं ‘राहिलेले’. कुणाचं काय बघायचं राहिलं, ते तिच्यात. अमक्याचं गांडूळ राहिलं. तमकीचा थर्मामीटर राहिला. पुढच्या वेळी तो गट पहिला घ्यायचा, म्हणजे दुसरा कुणीतरी शेवटचा. असं राहणं फिरत राही, पण संपत मात्र नसे. वहीचे सहा भाग झाले होते आणि सातवा अर्ध्यावर आला होता.

याचं मूळ जुनं होतं. बाई स्वतः शाळेत असताना नवव्या गटातल्या. एकदा त्यांच्या मास्तरांनी सूक्ष्मदर्शक आणला होता, कुठल्याशा मोठ्या शाळेतून मागून. सगळा वर्ग एक डोळा मिटून बघत होता आणि “अरे बापरे” म्हणत होता. बाईंची पाळी आली तेव्हा मास्तर यंत्र कापडात गुंडाळत होते. त्या “अरे बापरे”मध्ये नेमकं काय होतं, हे त्यांना पुढे बारा वर्षांनी, शिक्षिका होण्याच्या शिक्षणात कळलं. बारा वर्षं म्हणजे फार उशीर. भूक मेल्यावर ताट आल्यासारखं.

अशात शाळेला एक कागद आला. प्रत्येक शाळेने वर्गासाठी एक यंत्र निवडायचं, एकच. शैक्षणिक साधनांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. तिथे जाऊन बघायचं, कागदावर यंत्राचं नाव लिहायचं, आणि शेवटच्या दिवशी पाचच्या आत दाराजवळच्या पेटीत टाकायचं. यंत्र महिन्याभरात घरपोच. चुकलं तर पुढची संधी कधी, ते कुणालाच ठाऊक नाही.

हेडसरांनी कागद बाईंच्या हातात दिला तेव्हा त्यावर आधीच लिहिलेलं होतं. शिसपेन्सिलीने. ‘स्मार्ट बोर्ड, मोठा.’

हेडसरांची ही रीत सगळ्या शाळेला माहीत होती. ते कुठलाही कागद शाईने लिहीत नसत. पेन्सिलीने लिहीत, आणि ज्याचं काम असेल त्याने वरून शाईने गिरवायचं. काम बरोबर निघालं तर, “मी लिहूनच दिलं होतं.” चुकलं तर, “शाई कुणाची आहे बघा.” माणूस वाईट नव्हता. शाळेचं छप्पर गळतं तेव्हा स्वतः शिडीवर चढणारा होता. पण कागदाला भिणारा. एकवीस वर्षांत बाईंनी त्यांची शेकडो अक्षरं गिरवली होती, इतकी की दोघांचं ‘श’ आता सारखंच निघे.

“पलीकडच्या शाळेत भिंतभर बोर्ड लागलाय, बाई,” हेडसर म्हणाले. “पुढच्या महिन्यात तपासणी. तुम्ही नुसतं बघून या, आणि गिरवून टाका.”

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाई निघाल्या. बरोबर धाकटी. धाकटी म्हणजे त्यांची नणंद. चाळिशी उलटली तरी घरात तिचं नाव धाकटीच. शिवणकाम करणारी, गुडघ्याने अधू आणि जिभेने धडधाकट. तिला बटणं आणायची होती, आणि वहिनी एकटी कशी जाईल, ही काळजी तिला बटणांनंतर सुचली होती.

“पिशवीत काय एवढं कोंबलंय?” बसमध्ये तिने विचारलं.

“वही, खडू, खोडरबर, पाण्याची बाटली. आणि घेवडा.”

“भाजी घेऊन निघालात?”

“भाजी नाही. बी आहे, रुजत घातलेलं. ओल्या कापसात ठेवलंय. सोमवारी वर्गात दाखवायचंय. घरी ठेवलं तर तुझा भाऊ पाणी घालायला विसरेल.”

“तो स्वतः पाणी प्यायला विसरतो,” धाकटी म्हणाली.

प्रदर्शनाचं दालन म्हणजे विमान मावेल एवढी जागा. बाई दारातच थबकल्या. एका टोकाला निळा उजेड, दुसऱ्या टोकाला हिरवा. कुठे यंत्राचा हात ठोकळे रचतोय, कुठे टेबलावर बोट फिरवलं की वाळूत नद्या वाहतायत. त्यांनी धाकटीचा हात घट्ट धरला.

“वहिनी, मी हरवणार नाहीये.”

“मी हरवीन,” बाई म्हणाल्या, आणि पायाला भिंगरी लागल्यासारख्या सुटल्या.

दोन तासांत त्यांनी एकही मांडव सोडला नाही. एके ठिकाणी डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला आणि समुद्राच्या तळाशी गेल्या. मासा अंगावर आला तशा दचकून मागे सरल्या आणि तिथल्या खुर्चीत बसलेल्या एका प्राचार्यांच्या मांडीवर बसता बसता राहिल्या. “माफ करा, देवमासा होता,” त्या म्हणाल्या. प्राचार्य म्हणाले, “मघाशी मीही खांबाला धडकलो.” धाकटी हसून हसून खाली टेकली, आणि तिला उठवायला दोघं लागली.

मग आला स्मार्ट बोर्ड. खरंच भिंतभर. समोर टाय लावलेला विक्रेता. त्याने बोट लावलं आणि बोर्डावर माणसाचं हृदय उगवलं. लाल, ओलसर, धडधडणारं. बोटाने फिरवलं की फिरे, चिमटीत धरून ओढलं की मोठं होई, आतल्या झडपा उघडमीट करत. बाईंचं तोंड उघडंच राहिलं.

“मी हात लावू?”

“लावा ना, मॅडम.”

बाईंनी बोटाने शाळेचं नाव लिहिलं. झोकदार आलं. मग सवयीने तळव्याने पुसलं, आणि पुसल्यावर दोन्ही हात एकमेकांवर झटकले. खडू नव्हताच. विक्रेता हसला. “सगळे शिक्षक झटकतात, मॅडम. सकाळपासून मोजतोय.”

मग बाई वळल्या आणि बोर्डापासून उलट्या दिशेने चालायला लागल्या. एक, दोन, तीन. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. अकराव्या पावलावर थांबल्या आणि तिथेच, वाटेत, जमिनीवर बसल्या. मुलं बाकावर बसतात तेवढ्या उंचीला डोळे यावेत म्हणून पाठ ताठ केली.

“वहिनी, लोक बघतायत.”

“बघू देत. मी शेवटच्या बाकावर आहे.”

हृदय तिथूनही दिसत होतं. स्वच्छ दिसत होतं. बाई उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. हेडसरांचं बरोबरच होतं म्हणायचं. त्यांनी पर्समधून पेन काढलं, आणि टोपण उघडता उघडता सहज विचारलं, “आणि यात माझ्या वर्गातली वस्तू कशी दाखवायची?”

“वस्तू?”

“म्हणजे एखाद्या मुलाने किडा आणला. किंवा कुणाची वही दाखवायची आहे, गणित छान सोडवलंय म्हणून.”

“त्याची गरजच नाही, मॅडम. यात सगळं आधीच भरलेलं आहे. आठ हजार चित्रं.”

बाईंनी टोपण परत लावलं. “आधीच भरलेलं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. का कोण जाणे, त्यांना ते बांधून दिलेल्या डब्यासारखं वाटलं. पोट भरेल, पण चूल आपली पेटणार नाही.

“आता काय झालं?” धाकटीने विचारलं.

“काही नाही. अजून एक फेरी मारू.”

“माझ्या गुडघ्याला विचारा.”

गुडघ्याने नकार दिला म्हणून त्या दोघी कोपऱ्यातल्या बाकावर टेकायला गेल्या. तिथे रिकामी खोकी रचलेली, पलीकडे हात धुवायची जागा, आणि मधे एक लहानसा मांडव, ज्यात कुणीच जात नव्हतं. टेबलावर वाकड्या मानेची एक काळी काठी, टेबलदिव्यासारखी. मागे पडदा. आणि कपाळावर चष्मा चढवलेले एक गृहस्थ, जे पाव खात बसले होते.

“हा दिवा कसला?” बाईंनी विचारलं.

“दिवा नाही. कॅमेरा,” चष्मेवाले म्हणाले. पाव बाजूला ठेवला, पण फार काही बोलले नाहीत. “खाली काहीही ठेवा. मागे मोठं दिसतं.”

“काहीही?”

“टेबलावर मावेल ते.”

धाकटीने आधी हात घातला. स्वतःच्या बाहीची कड कॅमेऱ्याखाली धरली. पडद्यावर दोरखंडाएवढे टाके आले. एक टाका जरा तिरका होता.

“बंद करा ते,” धाकटी म्हणाली. “वीस वर्षांत हा टाका कुणाला दिसला नव्हता.”

पण बाई ऐकत नव्हत्या. त्यांनी पिशवी उघडली होती. डबीचं झाकण काढलं, ओला कापूस दोन बोटांनी उचलला आणि घेवड्याचं बी अलगद कॅमेऱ्याखाली ठेवलं. चष्मेवाल्यांनी एक चक्र हळूच फिरवलं.

पडदाभर घेवडा झाला. फुटलेली साल, तिच्यातून डोकावणारी दोन चुणीदार पानं, हात जोडून झोपल्यासारखी. खाली पांढरं मूळ, मनगटाएवढं. आणि त्या मुळावर, सगळीकडून, धुक्यासारखी बारीक लव. प्रत्येक तंतू वेगळा. एका तंतूच्या टोकाला पाण्याचा थेंब, आणि थेंबात वरच्या दिव्याचा ठिपका.

“मखमल आहे ही,” धाकटी हळू आवाजात म्हणाली. “उलटा हात फिरवलेली.”

बाई पडद्याजवळ सरकल्या. एकवीस वर्षं त्या शिकवत होत्या की मुळांना केसांसारखे तंतू असतात, त्यांतून झाड पाणी पितं. मुलं म्हणत, “हो बाई.” बासष्टच्या बासष्ट म्हणत. त्या ‘हो’मध्ये काहीच नव्हतं, आज कळलं. त्यांनी स्वतःसुद्धा तंतू असे पाहिले नव्हते. पुस्तकात पाहिले होते, आठ-दहा रेघा मारलेले.

आणि मग त्या शिकवायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पिशवीतला खडू हातात आला, खडूने पडद्याकडे बोट केलं आणि आवाज आपोआप वर्गातला झाला. “आता नीट बघा. हे बी कापसात आहे, मातीत नाही. मग याला कसं कळलं की मुळाने खालीच जायचं? मी काल डबी आडवी ठेवली होती. बघा, मूळ इथे वळलंय.” बी जरा फिरवलं. पडद्यावर ते वळण एखाद्या घाटासारखं दिसलं.

जाणारी माणसं थांबली. थांबलेल्यांमागे आणखी थांबली. सगळी शिक्षक मंडळीच, गळ्यात ओळखपत्रं, हातात फुकटच्या पिशव्या. मघाचे प्राचार्यही आले. बाईंचं लक्ष पार मागे टाचा उंचावणाऱ्या लोकांकडे गेलं.

“मागचे, दिसतंय का?”

“हो बाई,” तीस-चाळीस मोठ्या माणसांनी एका सुरात सांगितलं. मग एकमेकांकडे बघून हसली. प्राचार्यांनी हात वर केला आणि विचारलं की थेंब तंतूतून बाहेर आलाय की कापसाचा लागलाय.

“चांगला प्रश्न,” बाई म्हणाल्या. “मला माहीत नाही. पुसून बघू, परत येतो का.”

थेंब टिपला आणि सगळे वाट बघत उभे राहिले. तीन मिनिटं कुणी हललं नाही. थेंब आला नाही. “कापसाचा होता,” प्राचार्य म्हणाले, आणि असे खूश झाले की जणू पैज जिंकली.

गर्दी पांगल्यावर बाईंचे गाल तापले होते. त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वाचार.

“आमच्याकडे प्रोजेक्टर आहे,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “एका माजी विद्यार्थ्याने दिलाय. वर्षातून दोनदा भाषणाला काढतात, एरवी कपाटात. त्याला हे जोडता येईल?”

“तार कुठली?”

“नाव नाही सांगता यायचं. निळ्या तोंडाची. टाचण्या आहेत तोंडात. तीन ओळी, ओळीत पाच.”

चष्मेवाल्यांनी पहिल्यांदाच चष्मा डोळ्यांवर आणला आणि बाईंकडे नीट बघितलं. “टाचण्या मोजल्यात?”

“पाचचा पाढा शिकवायला वापरल्या होत्या.”

“लागेल,” ते म्हणाले.

बाई बाकावर बसल्या आणि कागद मांडीवर घेतला. ‘स्मार्ट बोर्ड, मोठा.’ हेडसरांचं गोल, जपून काढलेलं अक्षर. हातात पेन होतं. एकवीस वर्षांत अशा अक्षरावर त्यांचं पेन कधी अडलं नव्हतं. आज अडलं. समजा तपासणीच्या दिवशी तार लागली नाही. समजा साहेब म्हणाले, पलीकडच्या शाळेत भिंतभर आणि तुमच्याकडे हा टेबलदिवा? शाई कुणाची आहे बघा. एकच संधी होती, आणि ती बासष्ट मुलांची होती, त्यांच्या एकटीची नव्हती.

“काय झालं?” धाकटी म्हणाली. “माझ्या भावाला चारचौघांत खडसावता, आणि पेन्सिलीला भिता होय?”

“तुझ्या भावाची तपासणी होत नाही.”

“रोज होते की, तुम्ही करता.”

बाईंना हसू फुटलं. त्यांनी फोन काढला. चोरून खोडायचं नाही, हे आधी ठरवलं.

“गिरवलं का, बाई?” हेडसरांनी उचलताच विचारलं.

“नाही सर. खोडणार आहे. आधी तुम्हाला सांगते.” आणि त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. घेवडा, तंतू, निळी तार, अकरा पावलं. “मी मागच्यांना विचारून बघितलं, सर. सगळे बासष्ट एकदम बघतील. नववा गटच उरणार नाही.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. नंतर हेडसर खाकरले. “भिंतभर बोर्ड असता तर फोटो चांगला आला असता.”

“आला असता.”

“साहेबांनी विचारलं तर मी तुम्हालाच उभं करीन.”

“करा. त्या दिवशी पहिला तास माझाच लावा.”

“शाई तुमची, बाई. मी पेन्सिलीने दुसरंच लिहिलं होतं.”

“माझीच, सर.”

“नीट खोडा,” हेडसर म्हणाले. “खोडरबराचा चुरा कागदावर ठेवू नका. वाईट दिसतं.”

बाईंनी नीट खोडलं. चुरा फुंकरीने उडवला. खाली पेन्सिलीची रेघ पुसटशी राहिली होती, तिच्यावर त्यांनी लिहिलं नाही. जरा सरकून, कोऱ्या जागेत, यंत्राचं नाव शाईने लिहिलं, आणि त्यापुढे सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली. पाचला वीस मिनिटं असताना त्यांनी कागद पेटीत टाकला आणि फटीतून वाकून बघितलं, पडला की नाही.

“झालं?” धाकटीने विचारलं. “आता बटणं?”

पण बाईंचं चित्त कधीच शाळेत पोचलं होतं. कॅमेरा यायला महिना होता. पण प्रोजेक्टर आजही कपाटात होता, आणि त्याचा दिवा लागतो की उडालाय, हे गेल्या भाषणापासून कुणी बघितलं नव्हतं. शिवाय कपाटाशेजारची भिंत पिवळी होती. पडदा नाही, तर भिंत तरी पांढरी हवी. शिपाई सहाला कुलूप लावतो. उद्या रविवार. सोमवारपर्यंत थांबायचं म्हणजे दोन रात्री.

“तू बटणं घे आणि सावकाश ये,” त्या म्हणाल्या. “मी पुढे होते.”

“वहिनी, अहो, निदान चहा तरी.”

बाई पायऱ्या उतरल्यासुद्धा. पिशवी खांद्यावर, घेवड्याची डबी हातात, वर कापूस हलू नये म्हणून झाकणावर अंगठा. धाकटी गुडघा चोळत वरच्या पायरीवर बसली. चष्मेवाले हात धुऊन बाहेर आले होते, तेही तिच्याशेजारी उभे राहिले. दोघं बघत राहिली. बाई रस्ता ओलांडून, थांब्यावरच्या माणसांना वळसा घालून, बस येण्याआधीच बसच्या दिशेने झपाझप चालत गेल्या.